पेठच्या डोंगरातली गाठ

नाशिकला मी याआधी कधी गेले नव्हते. आमच्या अमरावतीकडची माणसं नाशिकला जातात ती एखाद्या विधीसाठी त्र्यंबकला, आणि विधी आटोपला की घाईघाईनं गाडीत बसतात. मी गेले ती ऑफिसच्या कामासाठी, आणि ठरलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त राहिले.

काम काय ते आधी सांगायला हवं. दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात मी संशोधन अधिकारी आहे. कार्यालय म्हणजे एका मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला असलेल्या चार खोल्या. कॅन्सरच्या रुग्णांना दवाखान्यातल्या उपचारांसोबत, कधी उपचारांऐवजी, लोक जे जे देतात, म्हणजे काढे, लेप, गव्हांकुराचा रस, पथ्यं, त्याचा खरंच काही उपयोग होतो का, हे आम्ही पाहतो. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आम्हाला वैदूंचे वकील समजतात आणि वैदू आम्हाला डॉक्टरांचे हेर समजतात. गाडीत शेजारच्यानं विचारलं तर मी आता 'सरकारी नोकरी' एवढंच सांगते. पूर्ण सांगितलं की त्याच्या आत्याची गोष्ट सुरू होते. ऐकायला माझी हरकत नसते. पण गोष्ट संपली की तो माणूस खिडकीला डोकं टेकून झोपी जातो, आणि ती आत्या माझ्याजवळ राहते.

खरं तर आम्ही दोघी जाणार होतो. माझ्या सहकारी बाईंच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी एकटी निघाले. एकटीनं जायची सवय आहे. आई गेल्यापासून अमरावतीचं घरही बंद आहे, त्यामुळे महाराष्ट्रात जायचं म्हणजे आता लॉजवरच उतरायचं.

नाशिक

जानेवारीतली नाशिकची थंडी मला माहीत नव्हती. आमच्याकडे थंडी सकाळी येते आणि नऊ वाजता गेलेली असते. इथं ती दुपारीही सावलीत बसून राहते. बसस्टँडजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि मिसळ खायला गेले. मिसळीचं हे गाव असं ऐकून होते. स्टीलच्या ताटात मटकी, वेगळ्या वाटीत लालभडक रस्सा, पापड, दही आणि चक्क गुळाची जिलेबी. तिखटासोबत जिलेबी ही कल्पना आमच्या वऱ्हाडात कुणाला सुचली नसती. आम्ही तिखट खाल्लं की त्यावर आणखी तिखट खातो.

रविवार होता. मला चौघांच्या टेबलावर बसवलं होतं. थोड्या वेळानं एक बाई आली, "ही खुर्ची घेऊ का हो?" म्हणाली. मग तिचा नवरा आला. मग दुसऱ्याच टेबलावरचं कुणीतरी आलं. रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत त्या टेबलाला माझी एकच खुर्ची उरली होती. वाढणाऱ्यानं येऊन विचारलं, "मॅडम, तिकडं भिंतीशी बसता का? फॅमिली आहे." मी ताट उचललं.

ओझर

दुसऱ्या दिवशी ओझरला गेले. तिथं विमानांचा कारखाना आहे, आणि भालेराव हे त्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्या बायकोला, मंगलताईंना, गर्भाशयाचा कॅन्सर होता. केमोबरोबर भालेराव त्यांना रोज गव्हांकुराचा रस देत होते आणि त्यानं फार फरक पडला असं त्यांनी आमच्या ऑफिसला फोनवर सांगितलं होतं. मला मंगलताईंशी बोलायचं होतं.

घर नीटनेटकं होतं. चपला ओळीत. मी बसले, पाणी झालं, आणि मी विचारलं, "ताई कुठं आहेत?"

भालेरावांनी भिंतीकडं पाहिलं. फोटोला ताज्या शेवंतीचा हार होता.

"पावसाळ्यात गेली," ते म्हणाले.

"अहो, मग कळवलं का नाहीत?"

"कळवलं असतं तर तुम्ही आला नसता."

ते उठले आणि म्हणाले, "चला, दाखवतो." मागच्या गॅलरीत प्लास्टिकचे ट्रे ओळीनं मांडले होते. एकात नुकते मोड आलेले गहू, पुढच्यात बोटभर, त्याच्या पुढच्यात वीतभर हिरवंगार गवत.

"अजून लावता?"

"एक लावायचा, एक कापायचा असं चक्र बसलंय. मोडवत नाही. आता शेजाऱ्यांना देतो. घेतात बिचारे."

माझं काम प्रश्न विचारण्याचं. मी विचारला. "त्यांना उपयोग झाला होता का, भालेराव?"

ते कात्रीनं एक ट्रे कापत होते. कापता कापता म्हणाले, "तिला तो रस आवडायचा नाही हो. तोंड वाकडं करायची. मी देतोय म्हणून प्यायची. गाठीला उपयोग झाला नसेल. मला झाला. जन्मभर हातानं काम केलेला माणूस मी. तिच्या उशाशी नुसता बसलो असतो तर रडलो असतो. ते तिला चाललं नसतं."

त्यांनी मलाही पेलाभर रस दिला. पावसात भिजलेल्या गवताचा वास यावा तशी त्याची चव होती. मग म्हणाले, "जेवून जा." पिठलं-भात त्यांनी स्वतः केला, मला हात लावू दिला नाही. दोन ताटं मांडली, दोन वाट्या, दोन पेले. मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले, आणि मी वळणावर गेले तरी तिथंच होते.

पेठच्या वाटेवर

ज्या कामासाठी मुख्यतः आले होते ते पेठच्या डोंगरात होतं. तिथल्या एका पाड्यावर लहानू नावाचा वैदू आहे. रानातल्या एका मुळीनं तो गाठी घालवतो असा बोलबाला होता. त्याच्या औषधानं जनाबाई भोये नावाच्या बाईची छातीतली गाठ विरघळली, असं त्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेनं आम्हाला कळवलं होतं. खरं असेल तर पुढं अभ्यास करण्यासारखं होतं. ते प्रत्यक्ष पाहून यायचं होतं.

पेठची एसटी गुजरातच्या वाटेनं जाते. रस्त्याला ट्रक फार. शहर मागं पडलं की द्राक्षांच्या बागा लागतात, मग त्या विरळ होतात आणि घाट सुरू झाला की बागांचं नावही राहत नाही. उतारांवर भात कापून गेलेली खाचरं, पान झडलेला साग, मधेच एखादं मोहाचं झाड. मला आमचा मेळघाट आठवला. पण मेळघाटात उन्हाळ्यातही जंगल अंगावर येतं. इथले डोंगर उघडे आहेत, दूरवरचं दिसतं, आणि दूरवर कुणीच दिसत नाही.

पेठच्या स्टँडवर हिरा उभी होती. ती त्या पाड्याची आशाताई, म्हणजे आरोग्याचं काम बघणारी, तिशीची, साडीवर स्वेटर आणि पायात बूट.

"मॅडम, चालायला लागंल हां," ती हसून म्हणाली. "जीप वरपर्यंत नाय जात."

पाड्यावर

पाडा जवळजवळ रिकामा होता. कुडाच्या भिंतींना कुलपं, काही दारं नुसती दोरीनं बांधलेली. हिरानं सांगितलं, द्राक्षांचा हंगाम आहे, सगळी तरणी माणसं दिंडोरीकडं बागांवर गेली. राहिली ती म्हातारी आणि कोंबड्या.

जनाबाई ओट्यावर सुपानं नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. साठीची असावी, बारीक, काटक. आमच्याकडं पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि न विचारताच चूल पेटवली. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग कुठून आलात, कुणाच्या, असं सगळं विचारून मग चहा. इथं चहा आधी आला, गवती चहा घातलेला, गुळाचा, बिनदुधाचा. विचारपूस झालीच नाही. चहा पिऊन होईपर्यंत ती फक्त माझ्याकडं बघत होती.

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेली आहे, तपासता येतं. आतल्या अंधाऱ्या खोलीत, धुराच्या आणि कोंबड्यांच्या वासात, मी तिला तपासलं. जिथं पहिली गाठ होती असं ती म्हणाली तिथं खरंच काही नव्हतं. पण बोटं जरा वर सरकली आणि थांबली. टणक, न हलणारी. काखेतही एक होती.

ती वरच्या कौलांकडं बघत होती. तिला माहीत होतं.

"कधीपासून, जनाबाई?"

"भात लावला तवापासून."

म्हणजे पावसाळ्यापासून. पहिली गाठ गेली होती की हीच तेव्हापासून वाढत होती, हे सांगायला काही मार्ग नव्हता. कुणी कधी तपासलंच नव्हतं. मी तिला सांगितलं की ही गाठ कसली आहे ते बघायला नाशिकला जावं लागेल, सुईनं तपासतात, फार दुखत नाही.

"दुखत तर आत्ता बी नाय," ती म्हणाली. "मंग कशाला जायाचं?"

हिरानं समजावलं, मी समजावलं. शेळ्या कोण बघणार, म्हणाली. हिरा म्हणाली, मी बघायला सांगते. पोरगा-सून बागेवर, घर कोण सांभाळणार, असं तिनं विचारलं. शेवटी ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आमच्या माणसाला नेलं होतं तिथं. उभ्यानं नेलं, आडवं आणलं. मी नाय जाणार."

हिरा उठली आणि मला लहानूबाबाकडं घेऊन निघाली.

लहानूबाबाचं घर पाड्याच्या टोकाला. तो माझी वाट पाहत होता हे लांबूनच कळलं. स्वच्छ टोपी, धोतर, वर जुना कोट. खाटेवर गोधडी अंथरून ठेवली होती.

"दिल्लीवरनं आली का तू?" त्यानं विचारलं. "माझी मुळी बघाया?"

त्यानं कोटाच्या खिशातून मुळी काढून माझ्या हातावर ठेवली. सुकलेली, काळपट, बोटाएवढी. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला लगेच बोलवेना. पण बोलावं तर लागणारच होतं.

"बाबा, जनाबाईंना गाठ आहे. काखेतही आहे."

"नाय. ती मी घालवली."

"तुम्ही पाहिलंत का?"

"बाईमाणसाला मी हात लावत नाय. ती सांगल ते खरं."

"आणि औषध लागू पडलं नाही, तर ते ती तुम्हाला सांगेल का?"

म्हाताऱ्यानं माझ्या हातातली मुळी घेतली, खिशात टाकली आणि जनाबाईच्या घराकडं चालू लागला. आम्ही मागोमाग गेलो. ओट्याच्या खाली उभं राहून त्यानं विचारलं, "जने, गाठ हाय का?"

ती परत सूप घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, "हाय."

"मला का नाय सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं, लहानूदादा."

पाखडायचं ती थांबली नाही. तो वळला आणि माझ्या बाजूनं निघून गेला, जणू काही मी तिथं नव्हतेच.

संध्याकाळी पेठला विश्रामगृहावर उतरले. खानावळीत नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी मिळाली, चवीला उत्तम. पण अर्धी भाकरी ताटातच राहिली. या लोकांचं आपापसात नीट चाललं होतं. एकानं औषध दिलं, एकीनं बरं वाटलं म्हणून सांगितलं, दोघंही आपापल्या परीनं एकमेकांना जपत होती. दिल्लीहून आलेल्या बाईनं एका दुपारीत ते मोडलं, आणि जनाबाई दवाखान्यात जाणार नव्हती ती नव्हतीच. बोलायला कुणी नव्हतं. विश्रामगृहाचा शिपाई दाराशी आला, "गरम पाणी सकाळी पायजे का?" एवढं विचारून गेला, आणि त्यानं आणखी काहीतरी विचारावं असं मला वाटत राहिलं.

सकाळी मी नाशिकच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. धुकं होतं. त्यातून आधी हिराचा स्वेटर दिसला, मग तिच्यामागं जनाबाई, डोक्यावर गाठोडं, आणि सगळ्यात मागं लहानूबाबा, तोच कोट घालून.

"ती एकटी नाय जाणार," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मी येतो."

हिरानं मला नंतर बसमध्ये सांगितलं की पहाटे तो जनाबाईच्या दारात गेला आणि म्हणाला, माझ्या मुळीवर इतके दिवस भरवसा ठेवलास, आता एक दिस माझ्या शब्दावर ठेव.

पुन्हा नाशिक

सरकारी दवाखान्यात गर्दी होती, पण तपासणारी डॉक्टर तरुण आणि शांत होती. जनाबाईची सुईची तपासणी झाली. मग डॉक्टरनं लहानूबाबाला विचारलं, "बाबा, तुम्ही यांचे कोण?"

"मी औषध देत होतो," तो म्हणाला. उभाच होता.

मला वाटलं आता ही ओरडणार. असे प्रसंग मी पाहिलेत. पण तिनं विचारलं, "कसलं औषध? दाखवता?" त्यानं मुळी टेबलावर ठेवली. तिनं ती हातात घेऊन पाहिली, वास घेतला. "यात काय आहे मला माहीत नाही, बाबा. आमच्या औषधांबरोबर ती चालेल की नाही तेही माहीत नाही. म्हणून सध्या बंद ठेवू. चालेल?" त्यानं मान हलवली. मुळी मात्र त्यानं परत घेतली नाही, ती टेबलावरच राहिली.

रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. हिराला पाड्यावर परत जाणं भाग होतं. लहानूबाबाचा पुतण्या पंचवटीत वॉचमन होता, तो त्याच्याकडं गेला. जनाबाईचा मुलगा बागेतून निघू शकेपर्यंत तिचं काय, हा प्रश्न होता. मी तिला माझ्या लॉजवर घेऊन गेले. ऑफिसला रजा वाढवून मागितली.

लॉजच्या मॅनेजरनं तिच्या गाठोड्याकडं, अनवाणी पायांकडं पाहिलं. "मॅडम, रूम सिंगल आहे. या कोण?"

"माझी मावशी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. जनाबाईनं लगेच माझा दंड धरला. "भाची हाय माझी," ती म्हणाली. चावी मिळाली.

पलंगावर ती काही झोपली नाही, खाली चादर अंथरून झोपली. गिझरच्या गरम पाण्याला आधी घाबरली, मग इतका वेळ आंघोळ करत बसली की मी दार वाजवलं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या बायका दागिने घालून का झोपतात, हे तिनं मला विचारलं. आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी मी कुणाबरोबर एका खोलीत हसत होते, ते आठवेना.

संध्याकाळी तिला गंगेवर नेलं. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. काठच्या बाजारात मखमलाबादकडची एक बाई झेंडूच्या राशीमागं बसली होती. जनाबाई तिच्याजवळ उकिडवी बसली आणि दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलू लागल्या. झेंडूचं रोप कधी लावता, थंडीनं फूल बारीक राहतं का, असं. मी मागं उभी होते. जनाबाईनं मला ओढून खाली बसवलं. "बस की. उभी काय राहतीस, पावण्यासारखी."

परत येताना तिनं विचारलं, "तुझं कोण हाय घरी?"

"आई होती. ती गेली."

"आन् आता?"

"आता नोकरी आहे."

ती थोडं चालली. "नोकरी रातची उठून पाणी देती का?"

रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला तो लॉज येईपर्यंत सोडला नाही. तिला गाड्यांची भीती वाटत होती, असं मी स्वतःला सांगितलं.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. आणखी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: काखेपर्यंत आला आहे, पुढं पसरलेला दिसत नाही. आधी केमो, गाठ आकसली की ऑपरेशन. बरं व्हायची आशा आहे, चांगली आशा आहे. आणखी उशीर झाला असता तर असं म्हणता आलं नसतं.

जनाबाईनं सगळं ऐकलं. मग मला विचारलं, "आडवी तर नाय जाणार ना मी?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालत जाल."

त्याच दुपारी तिचा मुलगा आणि सून आले, बागेतले कपडे अंगावर, हातांना द्राक्षांच्या फवारणीचा वास. सून रडत होती. मुलगा जनाबाईच्या पायाशी बसला आणि उठेनाच. सुनेनं तिचे केस विंचरले, पदर सारखा केला, डब्यातली भाकरी मोडून तिच्या हातात दिली. बाकावर तिघांचीच जागा होती. मी जरा वेळ बाजूला उभी राहिले, मग बाहेर आले. इतके दिवस जे काम मी करत होते त्याला आता माणसं आली होती. हे मला हवंच होतं. तरी पायऱ्या उतरताना मी दोनदा मागं वळून पाहिलं.

बाहेर टपरीशी लहानूबाबा उभा होता. तोही आत जात नव्हता. आम्ही चहा घेतला.

"आता माझ्याकडं कोण येईल?" तो म्हणाला.

"येतील, बाबा."

"गाठीला?"

"गाठ असली तर तुम्ही त्यांना इथं घेऊन या. तुमचं ऐकतात."

"मंग मला वैद्य कशाला म्हणायचं?"

एवढी वर्षं या कामात आहे, पण त्याच्यासारख्या माणसाला काय उरतं, हे आमच्या ऑफिसात कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं चहा संपवला, पेला नळाखाली धुऊन टपरीवाल्याला परत दिला. मग म्हणाला, "जनी बरी झाली पायजे. बाकी बघू." आणि तो आत गेला. मी गेले नाही.

दिल्लीला परतल्यावर

दिल्लीत आल्यावर मी लिहून दिलं: मुळीनं गाठ गेली असं दिसत नाही, ही केस मोजता येणार नाही. साहेबांनी वाचलं, "बरं, पुढची बघा," म्हणाले. ओझरच्या केसचंही तेच झालं. आमच्या मापात न बसणारं जे होतं, ते माझ्याजवळ राहिलं.

हिराचा अधूनमधून फोन येतो. पाड्यावर रेंज नाही, त्यासाठी तिला टेकाडावर चढावं लागतं. जनाबाईची केमो सुरू आहे. केस गेले. खाणं जात नाही, पण गाठ लहान झाली आहे आणि आता ऑपरेशनचं ठरवतील. लहानूबाबा गाठीला औषध देत नाही. मुलगा-सून परत बागेवर आहेत, त्यामुळे केमोच्या प्रत्येक खेपेला जनाबाईबरोबर एसटीत तोच बसतो. दवाखान्यात सगळे त्याला ओळखायला लागलेत. नर्सेस त्यालाही खुर्ची देतात.

परवा रविवारी दुपारी हिराचा फोन आला. "मॅडम, मी एकटी नाय, जनाबाई बी आलीय. टेकाड चढून आली. हट्ट धरला. तिच्याकडं देते."

फोन तिच्या हातात आला, पण ती काही बोलेना. तिला फोनवर बोलायची सवय नाही. मागून हिरा म्हणत होती, "बोल ना गं." आणि ती म्हणत होती, "काय बोलू?" मी तब्येत विचारली. "हाय," म्हणाली. वारा ऐकू येत होता, तिचा टेकाड चढून लागलेला दम ऐकू येत होता.

मग तिनं विचारलं, "जेवली का?"

"नाही अजून," मी म्हणाले. दुपार टळत आली होती. रविवारी मी पुष्कळदा जेवणाचं राहूच देते.

"मंग जेव," ती म्हणाली. "मी फोन धरते."

मी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला. ताट घेतलं, सकाळचा भात वाढला, वरण गरम केलं आणि बसले. जेवण होईपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.